न बसवलेली रबरी कडी

माझ्या पाठीच्या पत्र्यात एक गोल भोक आहे. त्याची रुंदी बारा मिलिमीटर. या भोकातून विजेची वायर माझ्या आत येते. तिथे पत्र्याची धार वायरला लागू नये म्हणून रबराची एक कडी बसवतात. माझ्या भोकाला ती नाही.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे. मला जोडलं त्या दिवशी कारखान्यातल्या कड्या संपल्या होत्या.

"कडी नाई, काय करू?" एका कामगाराने विचारलं.

"जाऊ दे पुढं. आतमधी कोण पाहून राह्यला?" दुसरा म्हणाला.

मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावात अंकुश आणि नलूच्या घरी आलो. तिथे दर उन्हाळ्यात मला माळ्यावरून उतरवायचे, नव्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावायचे. अंकुश म्हणायचा, "आला आपला पाहुणा. आता चार महिने नुसता पाणी पिऊन राहीन." मग टळटळीत दुपारी सगळं घर माझ्यासमोर आडवं व्हायचं. ओल्या खसाचा तो वास मला अजून आठवतो.

मी चालताना थरथरायचो. प्रत्येक थरथरीबरोबर पत्र्याची धार वायरवर घासत होती.

चौथ्या उन्हाळ्यात त्यांची आठवीतली मुलगी हर्षा माझ्यात टाकायला पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन आली.

"थांब माय, बटन बंद करू दे," नलू म्हणाली. तिने माझं बटन बंद केलं. पंखा थांबला. पण वायर सोलली होती ती भोकापाशी, बटनापर्यंत पोचण्याआधीच. बटन बंद असूनही माझ्या अंगात वीज होती. हर्षाने मला हात लावला.

अंकुशने बोर्डातली पिन उपटली म्हणून पोर वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आता वाकत नाहीत.

विमलाबाई, नलूच्या सासूबाई, दवाखान्यातच म्हणाल्या, "बटन चालू ठेवून लेकीले पाणी टाकाले लावलं तुनं."

"म्या बंद केलतं, आत्याबाई."

"मंग पोरीले करंट काऊन लागला?"

याचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

नलूने मला भंगारात जाऊ दिलं नाही. वर्ध्याच्या ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध तक्रार केली आणि मला पुरावा म्हणून तिथल्या मागच्या खोलीत ठेवलं. मात्र अंकुशने अपघाताच्या संध्याकाळीच, आणखी कुणाला करंट लागू नये म्हणून, वायरवर काळी टेप गुंडाळली होती. कंपनीच्या वकिलांनी तीच धरली. वायरशी तुम्हीच खेळ केला, बटनही बंद केलं नाही, असं ते म्हणत राहिले. तारखा पडत गेल्या.

मागच्या खोलीत मी तीन उन्हाळे कोरडा काढले. पाण्यासाठी जीव तळमळायचा. त्याहून जास्त वाटायचं, कुणीतरी माझ्या पाठीत वाकून पाहावं.

तारखेला आली की नलू माझ्यापाशी उभी राहायची. एकदा हळूच म्हणाली, "खरंच बंद केलतं का म्या? आता मलेच आठवत नाई."

"आई, पंखा थांबलता. म्या पाह्यलं," हर्षा म्हणाली. "अन् डाव्या हातानं मी आता तुह्यापेक्षा चांगलं लिहितो. रडू नको."

शेवटी आयोगाने एका तज्ज्ञाला बोलावलं. त्याने टेप हळूहळू सोडवली. तिच्याखाली वायरवर चंद्रकोरीसारखी खाच तशीच जपलेली होती. त्याने ती भोकाच्या धारेवर ठेवली. तंतोतंत बसली. "बटन बंद असलं तरी इथून पत्र्यात वीज येते," तो म्हणाला.

मित्रांनो, कूलरमध्ये पाणी टाकण्याआधी पिन बोर्डातून काढा. नलूला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासोबत आलेल्या कागदावर "बटन बंद करा" एवढंच छापलं होतं.

आज निकाल होता. मला पुढच्या दालनात आणलं होतं. विमलाबाईही आल्या होत्या. नलू मान खाली घालून उभी होती. मला एकच हवं होतं: दोषी मला म्हणावं, तिला नाही.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "तक्रारदार नलूबाई यांनी बटन बंद केलं होतं. दोष कूलरमध्ये होता."