लाभापासून मोजा

मित्रांनो, भिंतीला टेकून उभं असलेलं हे गंजक्या पोटाचं पिंप म्हणजे मी. मी एक जुना गॅसचा बंब आहे. माझ्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव कोरलेलं आहे, पण लातुरात मला त्या नावानं कुणीच हाक मारली नाही. सगळ्यांचा मी बंबच!

लातूरचा वेगळा जिल्हा झाला, गावात नव्या इमारती उठल्या आणि बाळंतपणाच्या एका नव्या दवाखान्यानं मला मागवून घेतलं. माझ्या पोटात शंभर लिटर पाणी मावायचं. संगप्पा मिस्त्रीनं मला उभं केलं आणि माझं सगळं गुपित दवाखान्यातल्यांना समजावून सांगितलं.

तुम्हालाही सांगतो. माझ्या मोठ्या शेगडीखाली एक इवलीशी निळी ज्योत सतत जळते. तिच्यात एका कांडीचं टोक बुडालेलं असतं. त्या कांडीत दोन वेगवेगळे धातू टोकाला जोडलेले आहेत. टोक तापलं की तिच्यातून चिमूटभर वीज वाहू लागते! ती इतकी थोडी, की तिच्यावर टॉर्चसुद्धा लागणार नाही. पण एका छोट्या चुंबकाला जागं करायला ती पुरते आणि तो चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत विझली की टोक निवतं, चुंबक सुटतो, गॅस बंद. बाहेरची वीज मला लागतच नाही.

"पेटवताना हे बटन दाबून धरायचं," संगप्पा म्हणाला होता. "टोक तापंपर्यंत तुमचं बोटच चुंबक हाय. चाळीस मोजा, मगच सोडा."

मग दुष्काळ आला. नळ कोरडे पडले, टँकर आला तर पाणी. जळकोटच्या बाजारात धान्य मापणारा ग्यानोबा मापायला दाणाच उरला नाही म्हणून दवाखान्यात रोजंदारीवर लागला. आया केवळाबाई त्याला चिडवायची, "ओ मापाडी, आता बादल्या मापा!"

पौषातली ती सकाळ मी विसरणार नाही. देगलूरकडची रत्नम्मा बाळंत झाली. दिवस भरले नव्हते, मुलगी जेमतेम दीड किलोची. नेमकी वीज गेलेली, ऊब देणारा दिवा बंद. रत्नम्मानं लेकीला छातीशी घट्ट धरलं, तरी तिचे पाय गारच.

"गरम पाण्याच्या पिशव्या हव्यात, लगेच!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि माझ्यात होतं टँकरचं गारठलेलं पाणी! पहाटे सिलिंडर संपला होता, ज्योत विझली होती. नवा सिलिंडर जोडला. केवळाबाईनं दार उघडून खाली वाकून वास घेतला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मग काडी लावली. ज्योत आली. तिनं एका दमात चाळीस मोजले, बटण सोडलं. ज्योत गेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"बिघडलंय मेलं! सरपण आणा, चूल मांडते."

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, मी बिघडलेलो नाही! टोक तापलंच नाही तर गॅस तोडणं हेच तर माझं काम!

"अक्का, सरा जरा," ग्यानोबा म्हणाला. त्यानं काडी लावली, बटण दाबलं आणि डोळे मिटून बाजारातल्यासारखं मोजू लागला. "लाभ हो लाभ... दोन हो दोन... तीन हो तीन..." मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि प्रत्येक आकडा एक पायली भरून रिती होईपर्यंत घोळवतात.

"पायल्या काय ओतून राहिलास! लेकरू गार पडून राहिलं तिकडं!"

"मापात घाई केली की माप खोटं, अक्का... नऊ हो नऊ..."

विसाव्या आकड्याला माझं टोक लालसर झालं. तिसाव्याला चुंबकात जोर आला. "चाळीस हो चाळीस!" त्यानं बोट उचललं.

ज्योत राहिली! भप्पकन मोठी शेगडी पेटली.

केवळाबाईचा हात पाणी किती तापवायचं ते ठरवणाऱ्या माझ्या चकतीकडे गेला. "पुरी फिरवते, लवकर तापंल."

"न्हाई, अक्का! तापायला तेवढाच वेळ लागंल, पण थांबायचं न्हाई ते. लेकरू भाजंल. डॉक्टरीणबाईंनी पन्नास डिग्रीच सांगितलंय."

बरोबर होतं त्याचं. माझ्या पाण्यात पितळेची नळी आहे, तिच्या आत एक दांडी. तापलं की नळी लांबते, दांडी जवळपास तेवढीच राहते. त्या केसभर फरकानं शेगडीचा गॅस तुटतो. चकती फिरवली की तो फरक कुठं गाठायचा एवढंच बदलतं. अर्ध्या तासानं आवाज आला, टक्!

"माप भरलं," ग्यानोबा म्हणाला.

पिशव्या भरल्या, फडक्यात गुंडाळल्या. तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी मुलीचे तळवे चाचपले आणि हसल्या. मुलगी रडली, चांगली दणदणीत! आत जाऊन केवळाबाईनं तिचे पाय पाहिले, बाहेर आली आणि ग्यानोबाला म्हणाली, "मापाडी, मला बी मोजायला शिकवा."

दुसऱ्या दिवशी माझ्यावरच्या भिंतीवर खडूनं अक्षरं उमटली: लाभापासून मोजा. पायली कधी न पाहिलेल्या नर्सनीही पुढं वर्षानुवर्षं तसंच मोजलं.

आता माझ्या जागी विजेवरचं यंत्र आहे, मी मागच्या पडवीत. राग नाही. पण मित्रांनो, एखादं यंत्र चटकन चाललं नाही तर त्याला मोडकं म्हणू नका. त्याचं टोक काजळलंय का बघा, पुसा. आणि त्याला तापायला लागतो तेवढा वेळ बोट दाबून धरा. मोजताना मात्र एकापासून नको.