उलटा हात

"काका, थांबा. परत करा बघू ते."

प्रशिक्षक ताईंनी हाक मारली तेव्हा काका मैदानाच्या मधोमध, तिसऱ्या उडीपाशी, हवेत हात वर करून उभे होते. कुत्रा बरोबर नव्हता. कुणाचाच नव्हता. कुत्र्यांची अडथळ्यांची स्पर्धा सुरू व्हायच्या आधी आठ मिनिटं मैदान फक्त माणसांसाठी मोकळं असतं. कुत्रे बाहेर बांधायचे आणि मालकांनी एकट्याने फिरून वळणं पाठ करायची. त्यामुळे त्या आठ मिनिटांत पंधरावीस चांगली शहाणीसुरती माणसं गवतावरून स्वतःशी पुटपुटत, हातवारे करत, मध्येच गिरकी घेत हिंडत असतात. नवख्या माणसाने पाहिलं तर सरळ डॉक्टरला फोन लावेल. कुत्रे मात्र कडेला शांत बसून बघत असतात.

काकांनी परत केलं. डाव्या बाजूला कापडी बोगदा होता. तिकडे पाहत त्यांनी उजवा हात वर केला.

"काजळ्या आता कुठे जायला हवा?" ताईंनी विचारलं.

"डावीकडे. बोगद्यात."

"मग उजवा हात का?"

"ती असंच करते ना. आमची लेक. व्हिडिओ बघून बघून पाठ केलंय मी."

"व्हिडिओ कुठून काढलेत?"

"मीच काढलेत. तिकडून, शेवटच्या उडीपाशी उभं राहून."

ताई शेवटच्या उडीपर्यंत चालत गेल्या, काकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला डावा हात वर केला. काकांना तो आपल्या उजव्या बाजूला वर झालेला दिसला.

काका बघतच राहिले. एकतीस वर्षं ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवत होते. दुकानात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला एकच धडा मिळायचा. समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डावीकडे असतो, हे विसरलास तर गिऱ्हाईक जिन्यावरून गडगडेल. एकतीस वर्षांत काकांच्या हातून एक काच इकडची तिकडे गेली नव्हती. आणि दोन महिने रोज संध्याकाळी दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी लेकीची सगळी स्पर्धा उलटी पाठ केली होती. वळणं तिच्या बाजूने धरली होती, हात मात्र पडद्यावर दिसले तसे उचलले होते.

"मी!" काका म्हणाले. "मी हे करावं?" आणि त्यांना हसूच फुटलं.

ताईही हसल्या. "अजून वेळ आहे. फक्त हात बदला. काजळ्याला सगळं येतं, तीन वर्षं शिकवलंय तुमच्या लेकीनं. तुम्ही डावा हात वर करा, तो डावीकडे जाईल."

काकांनी मान डोलावली. ते पुन्हा पहिल्या उडीपाशी गेले आणि पुटपुटत, हात बदलून, सगळी वळणं नव्याने चालू लागले. डावा म्हणजे डावीकडे. उजवा म्हणजे उजवीकडे. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

काजळ्या हा मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा. पांढऱ्या तोंडावर एका डोळ्याभोवती काळा डाग, कुणी घाईघाईत काजळ फासून ठेवावं तसा. लेकीनं त्याला पिल्लू असताना आणला, अडथळ्यांच्या शर्यतीला तयार केला, आणि सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघून गेली. वर्षाचा करार होता, तो बघता बघता तीन वर्षांचा झाला. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उरले ते काका आणि काजळ्या.

लेक रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ फोन करायची. पावणेसात झाले की काका बिस्किटांचा डबा जमिनीवर ठेवायचे, त्याला टेकवून फोन उभा करायचे, काजळ्याच्या चटईकडे तोंड करून. मग दहा मिनिटं ती कुत्र्याशी बोलायची. काय केलंस, कुठे गेलास, कान का खाजवतोयस. काका मागे खुर्चीत बसून उत्तरं द्यायचे, कारण कुत्र्याला देता येत नसत. शेवटी ती विचारायची, "बाबा, जेवलास का?" काका म्हणायचे, "जेवेन आता." संपला फोन. पण दिवसभर ज्याची वाट पाहावी असं तेवढंच होतं, आणि ते रोज होतं.

मग दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, त्याला काम लागतं रे. नुसता बसून वेडा होईल तो. ताई ठेवून घ्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे माळ आहे, बारा मेंढ्या आहेत."

"मी घेईन की काम त्याच्याकडून," काका म्हणाले.

"तू? बाबा, तू फक्त खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन यायचास."

"आणि व्हिडिओ कोण काढायचं?"

ती हसली. शेवटी असं ठरलं की येत्या स्पर्धेत काकांनी एक फेरी न चुकता पुरी करून दाखवायची. जमलं तर काजळ्या घरी राहील. नाही जमलं तर ताईंकडे. काकांनी लगेच कबूल केलं. काजळ्या गेल्यावर ही सातला कुणाला फोन करणार, हे त्यांनी विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बागेत दोन बादल्या, एक काठी आणि फाटलेली ताडपत्री घेऊन त्यांचा सराव सुरू झाला. पहिला महिना सगळा गोंधळ. काका हात वर करायचे, काजळ्या भलतीकडेच पळायचा, काका त्याला परत आणायचे, पुन्हा तेच. हा तिच्या आठवणीनं खंगलाय, असं काकांना वाटायचं. पण दुसऱ्या महिन्यात जादू झाल्यासारखं जमायला लागलं. उजवा हात वर, कुत्रा डावीकडे. डावा हात वर, कुत्रा उजवीकडे. हाताने त्याला ढकलायचं असतं, असा काकांनी आपल्या परीनं अर्थ लावून टाकला. शेवटच्या आठवड्यात तर एकदाही चूक नाही. बाग झाडणाऱ्या बाईने झाडू टेकवून टाळ्या वाजवल्या होत्या.

आज सकाळी घरातून निघताना शेजारीण जिन्यात भेटली. काजळ्याच्या भुंकण्यावरून तिचं आणि काकांचं अधूनमधून वाजायचं. काका आधी खुर्ची आणि बाटली जिन्यात ठेवायला दारातून बाहेर येत होते, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने येत होते. दार वीतभरच उघडायचं, फटीत गुडघा घालायचा, मग आडवं होऊन सटकायचं. नाहीतर काजळ्या पट्टा लावायच्या आत तीन मजले धुंडाळून यायचा.

"जिंकून आणा हो त्याला," शेजारीण म्हणाली. "मग महिनाभर भुंकला तरी मी बोलणार नाही."

"लिहून द्या," काका म्हणाले.

मैदानावर त्यांचा नंबर अकरावा होता. त्यांनी पट्टा काढला. काजळ्या रेषेवर पोट टेकून बसला, नजर काकांच्या हातांवर. काका धावले. म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे सांभाळत, जेवढं धावता येतं तेवढं. पहिली उडी. दुसरी. तिसरी. काजळ्या नुसता पाण्यासारखा वाहत होता. आता बोगदा. काकांनी स्वतःला बजावलं, डावा म्हणजे डावीकडे, आणि डावा हात ताठ वर केला.

काजळ्याने हात पाहिला आणि जिवाच्या आकांताने उजवीकडे वळला. तिकडची उडी आठव्या नंबरची होती. ती त्याने इतकी सुंदर मारली की कडेची दोन माणसं "वा!" म्हणून गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. चुकीचा अडथळा म्हणजे फेरी बाद.

काजळ्या उडीपलीकडे उभा राहून काकांकडे बघत होता. शेपूट हलत होतं. सांगितलं तेच केलं ना, आता पुढचं सांगा.

काकांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. आता कुठे त्यांना उमगलं, की बागेत दुसऱ्या महिन्यात काका शिकले नव्हते, काजळ्या शिकला होता. लेकीनं तीन वर्षं शिकवलेलं बाजूला ठेवून त्याने या म्हाताऱ्याची उलटी भाषा निमूटपणे उचलली होती. काकांसाठी एवढी खटपट गेल्या कित्येक वर्षांत कुणी केली नव्हती. आणि आज, नेमकं आज, काका त्याच्याशी बरोबर बोलले होते.

"असू दे काका," ताई पट्टा घेऊन आल्या. "घाबरला बिचारा. गर्दी बघून होतं असं."

"हो," काका म्हणाले. "गर्दी फार आहे."

दुपारी दुसरी फेरी होती. ताईंनी भीतभीतच विचारलं, एकदा मी पळवून बघू का? काकांनी पट्टा त्यांच्या हातात दिला. सुरुवातीच्या सरावात काजळ्या दोनदा उलटा गेला आणि दोन्ही वेळा मागे वळून काकांना शोधू लागला. तेव्हा काका पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. टाकी आणि कुंपण यांच्या फटीतून मैदानाची एक पट्टी तेवढी दिसत होती. तिसऱ्या खेपेला काजळ्याला लेकीचं जुनं सगळं आठवलं. फेरीत तो त्या पट्टीतून दोनदा गेला, कान मागे, चारही पाय हवेत. मग टाळ्या ऐकू आल्या, बराच वेळ. काकांनीही टाकीमागे उभं राहून वाजवल्या.

तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. "माझी फेरी बाद झाली," त्यांनी सांगितलं. "ताईंनी पळवला. दिवसातली सगळ्यात जलद फेरी. एक चूक नाही."

पलीकडे ती किंचाळली. मग म्हणाली, "बाबा, तुला वाईट नाही ना वाटलं?"

"मला कशाला? तो खूश आहे."

"बरं झालं रे. माझा जीव टांगणीला लागला होता. तुझीही धावपळ वाचेल आता."

"वाचेल," काका म्हणाले.

ताईंच्या गाडीत काजळ्या आपणहून चढला, कारण मागच्या सीटवर काकांनीच त्याची चटई अंथरली होती. काचेतून तो बघत राहिला. काका खिडकीशी वाकले.

"ताई, एक सांगू? कधी तुमचा उजवा हात वर झाला आणि हा डावीकडे गेला, तर त्याला रागावू नका. ती चूक माझी आहे."

"अहो, आठ दिवसांत विसरेल तो."

"हो," काका म्हणाले. "विसरायलाच हवं."

साडेसहाला काका घरी आले. त्यांनी घडीची खुर्ची दारामागे ठेवली, पाण्याची बाटली विसळली. पावणेसातला बिस्किटांचा डबा जमिनीवर ठेवला आणि त्याला टेकवून फोन उभा केला. चटईच्या जागी फरशीचा एक चौकोन इतर फरशीपेक्षा स्वच्छ दिसत होता. ते खुर्चीत बसले. सात वाजले. सव्वासात वाजले. मग फोनवर ताईंनी पाठवलेला फोटो आला. कुंपणापाशी काजळ्या, पलीकडे मेंढ्या. त्याखाली लेकीनं ताईंना लिहिलं होतं, आता रोज सातला तुम्हालाच त्रास देणार. फोटो तिघांच्या गटावर आला होता, म्हणून काकांना ते वाचता आलं.

दाराची घंटा वाजली.

काका उठले. त्यांनी दार वीतभर उघडलं, फटीत गुडघा घातला आणि तिथूनच बाहेर पाहिलं. शेजारीण होती.

"काय झालं हो? जिंकला का आमचा गडी? आवाज नाही काही, म्हणून म्हटलं विचारावं."

"सगळ्यात जलद आला," काका म्हणाले.

"अगं बाई! कुठंय? बघू तरी."

काकांनी गुडघा फटीत आणखी घट्ट रोवला.

"दमलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच झोपलाय." आणि आवाज होऊ नये म्हणून कडी बोटानं धरून त्यांनी दार लावून घेतलं.