जावयाचं पाणी

लेकानं फोनवर खोली दाखवली तेव्हाच सांगितलं होतं, "आई, हा वृद्धाश्रम नाही. आपली खोली, आपलं कुलूप, आपली शेगडी. फक्त बाबांच्या अंगाच्या कामाला बाई येईल." तेलंगणात, आदिलाबादच्या बाहेर, निर्मल गावाच्या रस्त्याला ते घर. जयवंताबाईंना पटलं. उद्धवरावांची उजवी बाजू लकव्यानं गेली, वाचाही गेली, आणि तेवढं अंग एकटीनं कुशीवर वळवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? भाजीची टोपली वाहून कंबर आधीच कामातून गेलेली.

सुरुवातीला बाई तेलुगू होती. आली, डायपर बदललं, पुसलं, पावडर मारली, गेली. कोण कुठली, विचारायचंच कारण नव्हतं. एप्रिलात ती काम सोडून गेली आणि मयूरी आली. पंचवीसेक वर्षांची, चटपटीत. नाव-गाव विचारलं आणि जयवंताबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. पोरगी त्यांच्याच माहेरची, पैनगंगेकाठची. त्याच गल्लीतल्या बाबारावची धाकटी लेक.

"म्हंजे तुमी आमच्या आत्याच की," मयूरी हसली. "आन हे मामाजी."

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मयूरीनं मामाजींची लुंगी सोडली आणि जयवंताबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्या लग्नात बाबारावच्या बापानं, चुलता म्हणून, याच माणसाचे पाय धुतले होते, साऱ्या मांडवासमोर. अख्ख्या गावचा जावई! आणि आता त्याच घरची लेक त्याची घाण काढतेय. उद्या ती गावी गेली, आईजवळ बोलून बसली, मग? बरं, पोरीनं तोंडही वाकडं केलं नाही. ते तर आणखीच लागलं.

लाजेनं पेटलेलं डोकं, त्याचं काय सांगावं? आत गेलं तरच बाहेर येणार, असा त्यांनी हिशेब लावला. आधी चारनंतरचं पाणी बंद केलं. मग दुपारचं. मग उरले ते गोळीपुरते दोन घोट आणि वाटीभर पेज. मे महिना, कूलर गरम वारा फेकतोय, आणि माणूस डाव्या हाताचं बोट माठाकडे करतोय.

"पोरगी येऊन जाऊ द्या, मंग देतो," त्या म्हणत. पोरगी येऊन जाई, पण पाणी काही मिळत नसे, कारण पोरगी परत यायचीच होती.

त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. ओठांची निघालेली सालटं त्याच तर पुसत होत्या. पण रोज वाटे, आजचा दिवस निभावला, उद्या देऊ.

सपना मॅडम म्हणजे तिथली मॅनेजर. चौदा खोल्यांना तिनं दोन बाया ठेवल्या होत्या, आणि माणशी दिवसाला दोनच डायपर. एकदा दारातूनच म्हणाली, "आजी, तुमच्या खोलीचं काही टेन्शनच नाही. एका डायपरवर भागतं." जयवंताबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

पाणी तोडायला लागल्याच्या अकराव्या दिवशी उद्धवरावांनी बोट केलं नाही. अंग तापलेलं, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी नजर वळत नाही. जयवंताबाईंनी बेल दाबली ती दाबतच राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी उद्धवरावांची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "अंगात पाणीच नाही. किडनीवर गेलंय. यांना पाणी कोण पाजत होतं?"

सपना मॅडमनं मयूरीकडे बोट केलं. "खोली हिच्याकडे होती, सर. हिला मी आजच काढते."

"मी," जयवंताबाई म्हणाल्या. "मीच तोडलं त्याहीचं पाणी."

"आजी, तुम्हाला काही सुधरत नाहीये. बसा जरा," सपना मॅडम म्हणाली.

व्हरांड्यात दोघीच उरल्या, तेव्हा त्यांनी मयूरीला सारं सांगितलं. "गावचे जावई हायत ते. तुह्या हातानं ते काम... मले पाहवत नव्हतं, बाई."

मयूरी म्हणाली, "मले ठाऊक होतं, आत्या. डायपर सुकं भेटे. माठ भरेल तसाच दिसे. सात खोल्या हायत माह्याकडं. एक खोली हलकी झाली, म्हून मी बोलली नाही."

जयवंताबाईंना तिच्यावर चिडायचं होतं. पण कोणत्या तोंडानं चिडणार?

तिसऱ्या दिवशी उद्धवराव शुद्धीवर आले. किडनी किती सुधारेल ते सांगता येत नाही, पण आता घोटघोट पाणी द्या, असं डॉक्टर म्हणाले. जयवंताबाईंनी चमचा पुढे केला. उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट ओळखलं, आणि ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून मानेत गेलं. दुसऱ्या चमच्यालाही तेच. काम गेलं तरी मयूरी आली होती; तिनं हात पुढे केला, तर तिच्यापुढेही तोंड बंद.

तेवढ्यात सलाईन बदलायला नर्स आली. कोण कुठली, कधी न पाहिलेली. "ताता, नीळ्ळु?" आजोबा, पाणी हवं का, एवढंच तिनं तेलुगूत विचारलं आणि डोक्याखाली हात घातला. उद्धवराव प्याले. थांबत थांबत अर्धा पेला प्याले, आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं.

तिनं हळूच एकेक बोट सोडवलं. पेला जयवंताबाईंच्या हातात दिला. "घर गए तो तुमिच पिलाना अम्मा, थोडा थोडा."

जयवंताबाईंनी मान हलवली. उद्धवरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.