साठीला हार

गास गावात काशिनाथने कोणाला म्हणून सोडलं नव्हतं. एका लग्नात हॉलच्या मोठ्या स्क्रीनवर 'जेवण संपले आहे' असं झळकवून त्याने अर्धे पाहुणे उपाशी घरी धाडले होते. हॉलचं वायरिंग त्याचंच, आणि स्क्रीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये मोबाइलवरून शिरायचा पासवर्ड त्याला तोंडपाठ.

आज त्याच्या जिगरी दोस्ताची, सुधाकरची साठी. काल घरी लोळत लोळत काशिनाथने फोटोंच्या रांगेत अगदी शेवटी एक फोटो सरकवला होता. सुधाकर, गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. केक कापला की फोटो सुरू होणार. नुसत्या कल्पनेनेच त्याला चहाचा ठसका लागला होता.

आणि आत्ता हॉलच्या दारात सुधाकरच्या बायकोने, मनोरमाने त्याला बाजूला घेतलं. दुपारी रिपोर्ट आला होता. कॅन्सर, तोही पसरलेला. सुधाकरला माहीत, पोरांना अजून नाही.

"भाऊजी, कोणाला बोलू नका. यांना तेवढं आज हसवत ठेवा."

तो फोटो काढून टाकायला काशिनाथ बेसिनच्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलला भिडला. जुना पासवर्ड टाकला, तर समोरून साफ नकार: जुनी असुरक्षित जोडणी बंद आहे, ॲप अपडेट करा. अपडेट होईपर्यंत त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. मग नवं ॲप त्या कॉम्प्युटरचंच युजरनेम आणि पासवर्ड मागायला लागलं. कालपर्यंत एका पासवर्डवर उघडणाऱ्या दाराचं कुलूपच कोणीतरी बदललं होतं. त्याने स्क्रीन चालवणाऱ्या गॉडफ्रेचं नाव टाकून बघितलं, त्याच्या बायकोचं, हिल्डाचं टाकलं, बाइकचा नंबर टाकला. शेवटी कॉम्प्युटरने त्याचा मोबाइलच ब्लॉक करून टाकला.

गॉडफ्रे राजोडी गावात दुसऱ्या पार्टीत होता आणि तिथूनच लॅपटॉपवर ही स्क्रीन चालवत होता. केबिनची चावी त्याच्या खिशात. फोनवर तो सांगायला लागला, की सेटिंग दुपारीच बदललं, आता आलतूफालतू कोणी शिरणार नाही. काशिनाथने फोटोचं सगळं कबूल केलं.

"बघितला काका. भारी आहे. राहू दे."

"काढ रे बाबा. तुझ्या पाया पडतो."

"मागच्या वेळी पण पायाच पडला होतास, आणि ती पण मस्करीच निघाली," असं म्हणून गॉडफ्रेने फोन ठेवला.

खरं कारण सांगावं, तर ते गुपित वहिनीचं. त्याचं नव्हे.

आत टाळ्या वाजल्या. केक कापला गेला. फोटो सुरू झाले: शाळेतला सुध्या, केळीच्या वाडीतला सुध्या, मुंडावळ्या बांधलेला सुध्या. काशिनाथ स्वयंपाकघरामागच्या मेन बोर्डकडे धावला. तिथल्या मागच्या दारातून हॉल दिसत होता. कॉम्प्युटर यूपीएसवर असला, तरी स्क्रीन मेनवर होती. नातवाला मांडीवर घेतलेला सुधाकर स्क्रीनवर आला, तसा त्याने खटका खाली ओढला.

हॉल काळाठिक्कर. कोणीतरी ओरडलं, "काश्याच असणार!" आणि खसखस पिकली.

मोबाइलची बत्ती नाचवत सुधाकर मागच्या दाराने आला.

"चालू कर."

"सुध्या, आज नको."

"तिने सांगितलं ना तुला? सांगणार हे माहीत होतं. आणि मग तुझी टरकणार, हेही. म्हणून तर गॉडफ्रेला बोललो, काश्याचा रस्ता बंद कर."

"म्हणजे तू फोटो बघितलास?"

"दुपारीच, गॉडफ्रेने दाखवला. हार प्लास्टिकचा वाटतो. जरा हात सैल सोडायचास की."

काशिनाथला हसू आलं नाही. त्याने खटका खालीच दाबून धरला.

"रिपोर्ट आल्यापासून ती माझ्याशी हळू बोलते," सुधाकर म्हणाला. "डॉक्टर हळू बोलतो. आता तूही हळू बोलायला लागलास, तर मी भांडू कोणाशी?"

"आणि वहिनी? तिला काय वाटेल?"

"तिला मी धरून उभा राहतो. मी तिथे पोचलो की कर चालू."

बत्ती दूर गेली. मनोरमाच्या शेजारी जाऊन थांबली. काशिनाथने डोळे मिटून खटका वर केला.

स्क्रीनवर हार घातलेला सुधाकर. हॉलमध्ये चिडीचूप. मनोरमाने तोंडावर पदर दाबला, सुधाकरने तिचे खांदे घट्ट धरले, आणि मग एकटा सुधाकर खदाखदा हसायला लागला. हळूहळू अख्खा हॉल हसायला लागला. शेवटी मनोरमाने नवऱ्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला.

सुधाकरने माइक घेतला. "काश्या, ये पुढे. शिव्या खायला काय तुझा बाप येणार?"

काशिनाथने बाहीने तोंड पुसलं, आणि तिथूनच, हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला एक सणसणीत शिवी हासडली.