उसन्या पिठाची घोडी

ब्राह्मणपुरीच्या दोधूने सारंगखेड्याच्या यात्रेतून काजळ घोडी आणली, त्याच दिवशी शाळकरी भाच्याला शब्द दिला होता, "तुन्ही वरात काजळवरच!" आता योगेंद्र नवरदेव झाला, आणि नेमकी त्याची आई, दोधूची थोरली बहीण धनुबाई, आडवी आली.

"काळी घोडी वरातमा? माले धवळी जोयजे!"

धनुबाई बोलली की संपलं. दोधू रडकुंडीला आला. रोज खरारा करून त्याने काजळचं अंग असं गुळगुळीत केलं होतं की माशी बसली तर घसरावी. पण काळं ते काळंच.

कॉलेजात विज्ञान शिकणारी त्याची लेक ममता हसली. "बाबा, चंद्र बी काळाच शे, कोळसासारखा. त्याले सोताना उजेड नही. सूर्यना उजेड उसना लेस आन चमकस."

मग तिने अंगणातच सूर्यमाला मांडली. चूल सूर्य, बाप पृथ्वी, आपण चंद्र. बापाला चुलीभोवती चालायला लावून ती बापाभोवती गरगर फिरली. दोधूला भोवळ आली आणि त्या भोवळीत डोक्यात एवढंच उरलं: चंद्र काळा, पांढरेपणा उसना!

तो तडक शेजारी गेला आणि पाटीभर ज्वारीचं पीठ उसनं घेऊन आला.

लग्न पौर्णिमेचं, गोरज मुहूर्ताचं. मारुतीच्या पाराशी पांढरीशुभ्र घोडी बघून धनुबाई हरखली. आरतीचं ताट घेऊन पुढे झाली, कुंकू लावायला वाकली, आणि त्याच क्षणी बँडवाल्याने ढोलावर पहिली थाप मारली.

काजळ शिंकली. मग तिने मानेपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की पारावर ढगच उठला! ढग खाली बसला तेव्हा घोडी काळीकुळकुळीत, आणि धनुबाई अंबाड्यापासून शालूपर्यंत पांढरीफेक. बँड गप्प झाला. धरणीने पोटात घ्यावं असं दोधूला वाटलं.

"दोध्याऽ!"

"अक्का, चूक मन्ही शे, घोडीनी नही." त्याने हात जोडले. "पन पोऱ्याले शब्द देयेल व्हता."

"बाबा, मी उजेड सांगेल व्हता, पीठ नही!" ममता ओरडली. तिने लगाम धरून घोडीला मावळतीकडे आडवी फिरवली. सूर्य बुडायला टेकला होता. त्याचं तिरपं ऊन काजळच्या कुशीवर पडलं आणि ती काळी घोडी लखलखली, घासल्या तांब्यासारखी! उगवतीला पपईच्या बागेमागून चंद्र वर येत होता.

धनुबाईने चंद्राकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग आपल्या पिठाळलेल्या हातांकडे. आणि पोट धरून हसत सुटली.

"दोधू, धवळी तं मीच व्हयनू! आते माले काळी बी चाली. बठाड मन्हा पोऱ्याले!"

दोधूने भाच्याला खोगिरावर चढवलं. बँड सुटला. काजळ दोधूभोवती रिंगण धरून नाचली, दोधू बहिणीभोवती, आणि नाचता नाचता दोधू चक्क रडत होता.

कुणीतरी धनुबाईला तोंड पुसायला टॉवेल दिला. तिने तो परत भिरकावला.

"ऱ्हाऊ दे! व्याहीना दारमा बी उजेड पडू दे!"