दुसरा भोंगा

बालाघाटच्या जिल्हा युवा नृत्य स्पर्धेत राखी आणि नागसेन पहिले आले. हे वाक्य कुठं बोलू नका. निकालाच्या कागदावर अजून सही व्हायची आहे, आणि ज्यांनी ती करायची त्यांचं पेन शनिवार दुपारपासून कागदाच्या बोटभर वर थांबलेलं आहे. तेव्हा कोणी पहिलं आलं नाही, काही घडलं नाही, आणि शनिवारी सकाळच्या बसमध्ये मलाजखंडहून तीन माणसं बालाघाटला निघाली होती, इथून सुरू करू.

तीन म्हणजे राखी, तिच्यासोबत नाचणारा नागसेन, आणि राखीची माय दुर्गाबाई. दुर्गाबाई मलाजखंडच्या बाजारात भाजी विकायची. लेकीचा नाच तिनं कधी पाहिला नव्हता. ऐकला मात्र रोज होता, भिंतीपलीकडून, धपधप.

"नाचतांनी इतकं पडा काहून लागते, हेच मले समजत नाई," ती बसमध्ये म्हणाली.

"पडत नाई मावशी, जमिनीसंग बोलतो आम्ही," नागसेन म्हणाला.

"मंग जमीन काही म्हणते का?"

"अजून नाई."

आपण नाच पाहायला चाललो नाही, कुकरचं रबर बालाघाटलाच चांगलं मिळतं म्हणून चाललो, हे तिनं रस्ताभर तीनदा सांगितलं. राखीला तेवढंही पुष्कळ होतं. पहिल्या नंबराला भोपाळमध्ये सहा महिने शिकायला मिळणार होतं, पण तिच्या डोक्यात भोपाळ नव्हतं. नाच पाहून माय काय म्हणते, एवढंच होतं. 'चांगलं' म्हणाली तर सोनंच. 'बंद कर' म्हणाली तर ऐकायचं की नाही ते नंतर पाहू. पण काहीतरी म्हणावं.

नाच दोघांनी स्वतः बसवला होता, मलाजखंडच्या खाणीवरचा. तांब्याच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधी एक भोंगा होतो. जो जिथं असेल तिथं थांबतो. मग स्फोट होतो, मांडणीवरची भांडी किणकिणतात. मग दुसरा भोंगा होतो, म्हणजे झालं, हला आता. खाणीच्या कॉलनीतली पोरं चालायच्या आधी थांबायला शिकतात. नागसेननं हे सगळं क्वार्टरच्या छतावरून मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. अडचण एकच होती. स्पर्धेचा वेळ सात मिनिटं, आणि नाच नऊ मिनिटांचा.

"स्फोट काप," राखी म्हणाली होती. "अन् दुसरा भोंगाबी काप."

"मंग संपन कसा?"

"पहिल्या भोंग्यावर थांबायचं. बस. लोकायले अधांतरी सोडायचं."

हे तिनं नागपूरच्या शिबिरात ऐकलं होतं. तिथले सर म्हणाले होते, प्रेक्षकाला अधांतरी सोडता आलं की समजा तुम्ही नर्तक झालात. परत खाली कसं आणायचं, ते सरांनी बहुतेक चौथ्या दिवशी सांगितलं असतं. शिबिर तीन दिवसांचं होतं.

शनिवारी दुपारी पावणेदोनला, सगळ्यात शेवटी, त्यांचं नाव पुकारलं. दुर्गाबाई पहिल्या रांगेत, मनगटात कुकरचं रबर बांगडीसारखं घालून. दोघं नाचले. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, सगळा नाच त्याच मापावर. पडले, उठले, जमिनीशी बोलले. शेवटी भोंगा झाला, खरा, खाणीतला, सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून. राखी एका गुडघ्यावर थांबली, नागसेन तिच्या मागं वाकून थांबला. भोंगा संपला.

टाळ्या आल्या नाहीत.

"काहून नाई वाजवून राह्यले?" नागसेन ओठ न हलवता म्हणाला.

"समजलं नसन."

"समजलं नसलं तरी वाजवतेत. लोकं हायेत."

राखीनं चाळीस मोजले. मग साठ. नाकावरून घामाचा थेंब पडला. तिनं मान वर केली.

सगळे तिच्याकडंच पाहत होते. कोणी हलत नव्हतं. पंखे फिरत होते, खाली पदर उडत होते, पदरांच्या आतली माणसं थांबली होती. आधी नाचून झालेले स्पर्धकही तसेच, घुंगरू सोडता सोडता. परीक्षकांच्या चष्म्यावरून एक माशी इकडून तिकडं चालत गेली आणि परत आली. एका पोराच्या हातातून बिस्कीट सुटलं. ते मात्र पडलं.

राखीनं स्टेजवरून उडी मारली आणि मायचा हात धरला. हात गरम होता. दुर्गाबाईचं तोंड अर्धवट उघडं होतं. ती काहीतरी म्हणायच्या बेतात होती.

राखीचा श्वास अडकला. मागून नागसेन फार हळू आवाजात म्हणाला, "राखी, श्वास घे."

"काय?"

"तू थांबवला तं सगळ्यायनं थांबवला. माय निळी पडून राह्यली. घे लवकर."

तिनं श्वास घेतला. सभागृहानं श्वास घेतला. तिनं सोडला, तर तीनशे माणसांचा श्वास एकदम तिच्या तोंडावर आला, पान, खोबरेल आणि जिऱ्याच्या भाताच्या वासाचा. चार आत, सहा बाहेर. तिचंच माप.

सभागृहाचे चौकीदार घनश्याम बाहेर तंबाखूचा खर्रा घोटत होते, म्हणून वाचले. ते आत आले, उभ्यानंच सगळी मोजदाद केली, तीनशे बारा, आणि म्हणाले, "चार वाजता दुसरा कार्यक्रम हाय. यायले उठवा."

"उठत नाई काका."

"असं कसं नाई? काय केलं तुमी?"

"डान्स."

घनश्यामनं दोघांकडं पाहिलं. "म्हणूनच मी पाहत नाई."

त्यांनी हवालदाराला आणलं. हवालदारानं सगळ्या रांगांतून फेरी मारली, कोणाची तक्रार आहे का म्हणून तीनदा विचारलं, कोणाचीच निघाली नाही. इतकी शिस्त आपण बालाघाटात पाहिली नव्हती, असं म्हणून तो गेला. डॉक्टर आले. नाडी उत्तम होती, सगळ्यांची एकच होती. चार वाजता तांदूळ गिरणीवाल्यांचं मार्गदर्शन शिबिर भरलं, ते लोक मागं उभे राहिले. ओलाव्याच्या टक्केवारीवर दीड तास बोलून वक्त्याचे डोळे भरून आले. एवढं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

मग नागसेनला सुचलं. दुसरा भोंगा वाजवला की झालं. पण कापलेला तुकडा त्यानं मोबाइलमधून पुसून टाकला होता. जागा भरली होती. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजवून पाहिला, शाळेची घंटा वाजवून पाहिली. घनश्यामनं आपल्याकडून शिट्टी मारली. काही नाही. शेवटी नागसेनच्या बाबांकडून, ते खाणीतच कामाला होते, सुरुंगाच्या साहेबांचा नंबर मिळाला. राखी बोलली, मापात श्वास घेत, कारण घाईनं बोललं की मागच्या रांगेतले म्हातारे धापा टाकायचे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हेच वाईट झालं.

"बेटा, पहला सायरन हो गया?"

"हौ सर."

"ब्लास्ट हुआ?"

"नाई सर. तो कापला."

"तो फिर दूसरा सायरन कैसे बजेगा? पहले ब्लास्ट, फिर दूसरा सायरन। लोग नियम से बैठे हैं। उन्होंने कुछ गलत नहीं किया।"

"पर सर, ब्लास्ट तो होगा ही नहीं."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"ये तुमको पता है," साहेब म्हणाले. "उनको नहीं।"

फोन ठेवल्यावर राखीनं पहिल्यांदा नीट पाहिलं. तिला वाटलं होतं, ते तिच्याकडं पाहत आहेत. ते स्टेजच्या फळ्यांकडं पाहत होते. तीनशे बारा माणसं जमिनीकडं कान लावून बसली होती.

रविवारी दुपारी तिला बसल्या जागी डुलकी लागली, तर सगळं सभागृह एका सुरात घोरलं. घनश्याम जेवण टाकून बाहेर पळाले. परत आले तेव्हा डबा राखीपुढं सरकवून तिच्या बाजूला बसले. राखी मायच्या समोर जमिनीवर बसली होती, तोंडाकडं पाहत.

"काय म्हणत असन ते?" तिनं विचारलं.

"'बंद कर' नाई," नागसेन म्हणाला. "'बंद' म्हणायले ओठ मिटा लागतेत. मावशीचे उघडे हायेत."

"मंग 'चांगलं'?"

"होऊ शकते."

घनश्यामनं वाकून बराच वेळ पाहिलं. "जांभई बी असू शकते," ते म्हणाले, आणि राखीचा चेहरा पाहून, "नसनच पण," असं जोडलं.

चार आत. सहा बाहेर. कुकरचं रबर मायच्या मनगटावर तितकंच वर, तितकंच खाली होत होतं.

सोमवारी कचेऱ्या उघडल्या तेव्हा नागसेन राखीचा अर्ज घेऊन रांगेत उभा होता. इथं हिंदीतच चालतो म्हणून अर्ज हिंदीत होता. मराठीत तो असा:

प्रति, माननीय सक्षम अधिकारी, सुरुंग विभाग. विषय: सभागृहात एक लहान स्फोट करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, दिनांक शनिवारपासून ३१२ नागरिक पहिल्या भोंग्यानुसार नियमाने थांबलेले असून अर्जदार त्यांच्या वतीने श्वास घेत आहे. अर्जदारास अधूनमधून शिंक येते. तरी स्फोट नगरपालिका हद्दीबाहेर, खाणीतच करण्याची अट या प्रकरणापुरती शिथिल करून, सभागृहाखाली नियमानुसार एक स्फोट व त्यानंतर दुसरा भोंगा मंजूर करावा. पहिला भोंगा पुन्हा वाजवू नये. तो झालेला आहे. स्फोट शक्य तितका लहान असावा, कारण पहिल्या रांगेत अर्जदाराची आई बसली आहे व तिचे बोलणे अर्धे राहिले आहे.