शेजाराचा रकाना

कागदावर सही घ्यायची घाई झाली की समोरचा माणूस दिसेनासा होतो. शिरीषचंही तेच झालं होतं.

ही १९७४ सालची गोष्ट. पुण्याचा हा तरुण इंजिनीअर बहारीनमध्ये नव्या वसाहतीचं काम पाहत होता. अरादच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या घरांत राहणारी कुटुंबं समुद्रापासून दूर, पक्क्या घरांत न्यायची होती. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. सगळ्यांचे अंगठे झाले, एकट्या उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई, या म्हातारीचा राहिला. तो मिळाला की शिरीष गणपतीला घरी जायला मोकळा!

सोबत ड्रायव्हर गणपतराव होते. तिथल्या दहा वर्षांत त्यांना अरबी चांगली येऊ लागली होती, म्हणून दुभाषेही तेच.

म्हातारीने आधी कॉफी दिली. शिरीषने पेला रिकामा करून पुढे केला, तिने पुन्हा भरला. भरलेलं टाकायचं नाही, हे घरचं वळण! तो पीत गेला, ती भरत गेली. पाचव्या पेल्याला गणपतराव हसले.

"साहेब, पुरे म्हणायचं तर पेला हलवायचा. न्हाईतर हे खलास व्हायचं न्हाई."

पण तोवर म्हातारी बोलती झाली होती. पूर्वी पुरुष मोत्यांसाठी चार-चार महिने समुद्रावर असायचे. मागे सगळ्या बायकाच. जासिम जन्मला तेव्हा कुडापलीकडून शेजारीण महमुदा धावत आली होती. आता महमुदाला दिसत नाही. रोज सकाळी ही हाक मारते, ती ओ देते, मगच दोघींच्या चुली पेटतात. नव्या वसाहतीत हिला पहिली रांग आणि तिला अकरावी, हे हिने विचारून घेतलं होतं.

"पण महमुदाने तर अंगठा दिलाय!" शिरीष म्हणाला.

"तिला रांग कुणी सांगितली?" म्हातारीने विचारलं.

कुणीच नाही! तरी शिरीष पुटपुटला, "अहो, तिथे नळ आहे, वीज आहे."

"नळ नको म्हनत न्हाई ती," गणपतराव म्हणाले. "आमचं गाव धरणात गेलं, साहेब. आबाला नवं घर मिळालं, दारात नळ. पर आजूबाजूला ओळखीचं एक मानूस न्हाई. आबा उंबऱ्यावर बसून जुन्या शेजाऱ्यांची नावं घ्यायचा, एकेकाचं. फारमात घर, झाडं, हीर, सगळ्याला रकाना व्हता. शेजाराला न्हवता."

शिरीषला स्वतःचीच लाज वाटली. त्याने फॉर्मवर पेनाने एक रकाना आखला.

"विचारा त्यांना, शेजारी कोण हवं?"

म्हातारी एका नावावर थांबली नाही. बोटं मोजत तिने सगळी आळी सांगितली, चौदा घरं.

वरचे साहेब संतापले. यादी नव्याने करावी लागली आणि शिरीषची गणपतीची लीव्ह गेली. पण ती आळी हलली ती आळी म्हणूनच. समुद्र मात्र मागे राहिला. तो कुणालाच नेता आला नाही, आणि म्हातारी त्यासाठी रडली ते शिरीषने पाहिलं.

वाचकहो, माणसं हलवायची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा आधी त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांपुढे बसा. घर आपण वर्षात बांधून देऊ. शेजार बांधायला त्यांचा जन्म गेलेला असतो.